वाचकांचे प्रश्न : स्नोबोर्डिंगची पदके कशी ठरतात?

प्रश्न : 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या हाफपाइप स्पर्धेत जपानच्या अयुमु हिरानोने दुसऱ्या फेरीत अवघड उडी निर्दोष मारूनही तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला, आणि तिसऱ्या फेरीत त्याच उड्या पुन्हा मारून त्याने सुवर्णपदक जिंकले. एकाच कामगिरीला दोन निरनिराळे गुण कसे मिळाले?

उत्तर : हाफपाइप म्हणजे अर्ध्या नळीच्या आकाराची बर्फाची घळ; तिच्या भिंतींवरून खेळाडू स्नोबोर्डवर, म्हणजे दोन्ही पाय बांधलेल्या एकाच फळीवर उभे राहून, उड्या मारतात. यात घड्याळाला काही काम नसते, निकाल पूर्णपणे परीक्षकांच्या हाती असतो. सहा परीक्षक प्रत्येकी शंभरपैकी गुण देतात, त्यांतील सर्वाधिक आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या चारांची सरासरी काढली जाते आणि तीन फेऱ्यांपैकी सर्वोत्तम फेरी तेवढी धरली जाते. कोणत्या उडीला किती गुण, याचा ठरलेला तक्ता नसतो. उंची, काठिण्य, विविधता आणि सफाई यांचा एकत्रित विचार करून परीक्षक आपले मत आकड्यांत मांडतात.

हिरानोने फेरीच्या प्रारंभीच ‘ट्रिपल कॉर्क 1440’ मारली, म्हणजे हवेत चार पूर्ण गिरक्या घेताना अंग तीनदा उलटेपालटे केले. ऑलिंपिकमध्ये ही उडी यापूर्वी कोणी साधली नव्हती. त्या दुसऱ्या फेरीला सहा परीक्षकांनी 96, 92, 90, 95, 90 आणि 89 असे गुण दिले. यांतील 96 आणि 89 वगळल्यावर सरासरी 91.75 येते, आणि ऑस्ट्रेलियाचा स्कॉटी जेम्स 92.50 गुणांसह पुढे राहतो. एकच फेरी पाहून परीक्षकांत सात गुणांची तफावत पडावी, हे आमच्या मते पद्धतीपेक्षा परीक्षणाचे अपयश होते. टोकाचे गुण वगळण्याची तरतूद एखाद्याची चूक झाकू शकते, अनेकांनी एकदम आखडता हात घेतला तर तिचा उपयोग होत नाही. तिसऱ्या फेरीत सर्वांत शेवटी उतरलेल्या हिरानोला 96.00 गुण मिळाले. जेम्सला रौप्य आणि स्वित्झर्लंडच्या यान शेररला 87.25 गुणांवर कांस्यपदक मिळाले. 2014 आणि 2018 या दोन्ही वेळी रौप्यावर थांबलेल्या हिरानोला हे सुवर्ण अशा रीतीने, दोनदा कमवावे लागले.

प्रश्न : एकाच ऑलिंपिकमध्ये स्की आणि स्नोबोर्ड या दोन्हींवर सुवर्णपदक कोणी जिंकले आहे काय?

उत्तर : होय, चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्काने, 2018 साली दक्षिण कोरियातील प्योंगचांग येथे. स्कीच्या सुपर-जी या उतारावरील वेगवान शर्यतीत तिने ऑस्ट्रियाच्या आना फाइटला अवघ्या 0.01 सेकंदाने मागे टाकले, तेव्हा तिचा स्वतःचाच फलकावर विश्वास बसेना. मेकअप केलेला नसल्यामुळे पत्रकार परिषदेत तिने डोळ्यांवरचा गॉगल काढला नाही, ही त्या दिवसाची गंमत. आठवड्याभरात स्नोबोर्डच्या पॅरलल जायंट स्लॅलममध्येही ती पहिली आली. या प्रकारात दोन खेळाडू शेजारशेजारच्या मार्गांवरून झेंड्यांना वळसे घालत उतरतात आणि हरणारा स्पर्धेबाहेर जातो.

प्रश्न : 2006 साली अमेरिकेची लिंडसे जेकबेलिस आघाडीवर असताना हवेत बोर्ड पकडायला गेली आणि पडली. त्या कसरतीला गुण मिळणार होते काय?

उत्तर : एकही नाही. तो स्नोबोर्ड क्रॉस, म्हणजे उड्या आणि वळणे असलेल्या मार्गावर अनेकांनी एकदम धावण्याचा प्रकार होता, आणि त्यात फक्त रेषा कोण आधी ओलांडतो एवढेच पाहिले जाते. ट्यूरिनमधील त्या अंतिम शर्यतीत शेवटून दुसऱ्या उडीवर तिने हौसेखातर बोर्ड पकडला, उतरताना तोल गेला आणि स्वित्झर्लंडची तान्या फ्रीडेन पुढे निघून गेली. जेकबेलिसला रौप्य, तर कॅनडाच्या डॉमिनिक मालतेला कांस्यपदक मिळाले. पुढे 2022 मध्ये, वयाच्या 36 व्या वर्षी, तिने याच प्रकारात सुवर्ण जिंकले आणि 40 वर्षांच्या निक बॉमगार्टनरच्या साथीने मिश्र सांघिक शर्यतीतही सुवर्णपदक पटकावले.