रोज सकाळी कसला बाजार करतेस? फ्रेंचमधून खेळ-व्यायामावर बोलताना

प्रश्न : मॅडम, मी साताऱ्याची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सोबत फ्रेंच करतेय, ए-वन, म्हणजे पहिली पातळी. थोड्या दिवसांत पुण्याला जाऊन डेल्फची, म्हणजे फ्रेंच भाषेची परीक्षा द्यायचीय. दोन वर्षं झाली मी पळते, यवतेश्वरचा घाट चढते-उतरते, यंदा हिल हाफ मॅरेथॉनला उतरायचंय. क्लासमधे खेळावर बोलायला सांगितलं तर मी म्हणाले 'झ फे ले कूर्स तू ले मातँ', तर सर म्हणाले रोज सकाळी कसला बाजार करतेस? सगळे हसले, मला काही कळेना. कूर्स म्हणजे पळणंच ना? आणि फेर कुठं, झुए कुठं हेही डोक्यात बसत नाहीये.

उत्तर : अगं कूर्स म्हणजे पळणं हे बरोबरच आहे, पण 'फेर ले कूर्स' असं सगळं जोडून म्हटलं की त्याचा अर्थ होतो पिशवी घेऊन किराणा-भाजी आणायला जाणं. पळण्याचा व्यायाम सांगायचा तर 'झ फे द ला कूर्स आ प्ये', त्यातलं आ प्ये म्हणजे पायी. पण मला विचारशील तर सरळ 'झ कूर' म्हण, मी पळते, दोन शब्द, चुकायला जागाच नाही.

आता फेर आणि झुए. फेर म्हणजे करणे, झुए म्हणजे खेळणे, आणि इथं माझं कळकळीचं सांगणं आहे की हे मराठीतून पकड, इंग्रजीतून जाऊ नकोस. आपण योगा करतो, सायकलिंग करतो, ट्रेक करतो, तिथं फेर. आपण क्रिकेट खेळतो, कबड्डी खेळतो, बुद्धिबळ खेळतो, तिथं झुए. बहुतेक ठिकाणी जुळतं बघ. जिथं जुळत नाही ते वेगळं लक्षात ठेव, आपण कुस्ती खेळतो पण फ्रेंच लोक ती करतात, 'फेर द ला ल्युत', आणि पोहणंही करतात, 'फेर द ला नातासिओं'. ऐनवेळी अडलीस तर फेर म्हणून मोकळी हो, फुटबॉलला 'फेर द्यु फूत' सर्रास म्हणतात, पण पोहण्याला किंवा पळण्याला झुए कधीच लागत नाही.

फेरच्या मागे द्यु, द ला नाहीतर द ल येतं, ते शब्द पुल्लिंगी की स्त्रीलिंगी की स्वरानं सुरू होतो त्यावर. लिंगाची भीती आपल्याला नसावी, आपल्याकडं तर तीन आहेत, फक्त जुळतील अशी आशा धरू नको, आपली सायकल ती आणि त्यांचं वेलो तो, म्हणून 'द्यु वेलो'. आणि नकार आला की हे सगळं जाऊन नुसतं द उरतं, 'झ न फे पा द स्पोर'. हो, स्पोरमधला शेवटचा त उच्चारायचा नाही.

दोन वर्षं पळतेय हे सांगताना पोरं हमखास चुकतात, कारण डोक्यात इंग्रजी वाक्य असतं, मग भूतकाळ घालतात. तू मराठीत काय म्हणतेस? दोन वर्षांपासून पळतेय. वर्तमानकाळ. फ्रेंचमधेही अगदी तसंच, 'झ कूर दप्वी दझाँ'. आपली भाषा इतकी जवळ असताना लांबून वळसा कशाला.

घाटाचे शब्दही घे. चढ म्हणजे मोंते, उतार म्हणजे देसांत, आणि एकूण किती उंची चढलीस त्याला देनिव्ले, डोंगरात पळणारी फ्रेंच माणसं किलोमीटरच्या बरोबरीनं हेच विचारतात. हाफ मॅरेथॉन म्हणजे सेमी-मारातों. वॉर्मअप करते हे 'झ मेशोफ', स्ट्रेचिंग करते हे 'झ मेतीर'. पोटरीत गोळा आला तर 'झे यून क्रांप ओ मॉले', बरगडीखाली कळ आली तर 'झे अं प्वँ द कोते'. आणि माझा सगळ्यात आवडता शब्द, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आपण म्हणतो ना अंग आंबलंय, त्याला 'झे दे कुर्बात्युर', नेमकं तेच दुखणं, दुसरं कुठलं नाही.

डेल्फच्या तोंडीत चिठ्ठ्या उचलायच्या असतात, एकेका शब्दाच्या, आणि त्या शब्दावरून तू परीक्षकांना प्रश्न विचारायचा असतो. 'स्पोर' निघाली तर 'एस्क वू फेत द्यु स्पोर?' वू म्हणजे आपलं तुम्ही, तिथं त्यू वापरू नकोस, आपण तरी परीक्षेत मास्तरांना तू म्हणतो का.

प्रश्न : ताई, मी कराडचा, वय ६६. मुलीचं लग्न फ्रान्समधल्या मुलाशी झालंय, व्याही ल्योंजवळ राहतात, माझ्याच वयाचे, रविवारी सायकल चालवतात. व्हिडिओ कॉलवर मुलगी मधे बसून सांगते पण मला स्वतः बोलायचंय. मी रोज बारा सूर्यनमस्कार घालतो आणि तरुणपणी तालमीत होतो. एवढं तरी सांगता यावं.

उत्तर : काका, येईल, नक्की येईल. सूर्यनमस्काराला फ्रेंच शब्द आहे, 'साल्युतासिओं ओ सोलेय', सोलेय म्हणजे सूर्य, तिकडच्या योगाच्या क्लासमधे हाच चालतो. म्हणा, 'झ फे दूझ साल्युतासिओं ओ सोलेय तू ले मातँ'. आणि मुलीकडून हेही कळवा की सूर्यनमस्कार घरोघरी नेण्यात आपल्या औंधच्या राजांचा, भवानराव पंतप्रतिनिधींचा मोठा वाटा आहे, त्यांनी संस्थानातल्या शाळांमधून ते सुरू केले, आणि औंध तुमच्याच जिल्ह्यात.

तालमीचं सांगताना काळ बदलतो, पूर्वी करायचो म्हणून 'झ फझे द ला ल्युत'. जोर मारायचो हे 'झ फझे दे पाँप', पाँप म्हणजे पुशअप, आपल्या जोराला त्यातल्या त्यात जवळचं तेच. आणि तुमच्या शेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव सांगायचेच, १९५२, हेलसिंकी, 'मेदाय द ब्रोंझ आं ल्युत लीब्र', फ्रीस्टाइलचं ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हे सांगताना तुमचा आवाज आपोआप मोठा होईल, होऊ द्या.

त्यांना विचारा, 'वू फेत द्यु वेलो ल दिमांश?' दिमांश म्हणजे रविवार. सायकलवाल्या फ्रेंच माणसाशी टूर द फ्रान्सचा विषय काढला की गप्पा थांबत नाहीत, १९०३ पासूनची शर्यत आहे, पुढं असणाऱ्याच्या अंगातल्या पिवळ्या जर्सीला 'मायो झोन' म्हणायचं. सुरवात वू नं करा. ते स्वतःच म्हणतील 'ऑं स त्युत्वा?', म्हणजे आपण एकमेकांना तू म्हणूया का, मग 'वुई' म्हणा.

प्रश्न : मी सांगलीचा, नववीत. शाळेत फ्रेंच आहे. आवडत्या खेळाडूवर पाच ओळी बोलायच्यात, मी स्मृती मानधना घेतलीय. कसं बोलू?

उत्तर : छान निवड केलीस, सांगलीच्या पोरानं हेच करावं. 'एल झू ओ क्रिकेत. एल ए गोशेर. एल आ ग्रांदी आ सांगली.' गोशेर म्हणजे डावखुरी, ग्रांदी म्हणजे लहानाची मोठी झाली. खेळाडू मुलगी म्हणून झुअझ, मुलगा असता तर झुअर. चौथी ओळ तुला ती का आवडते त्याची, ती तूच कर. पाचवीला हे टाक, १९०० मधे पॅरिसच्या ऑलिंपिकमधे क्रिकेट होतं, दोनच संघ, ब्रिटन आणि फ्रान्स, ब्रिटन जिंकलं, आणि आता २०२८ ला लॉस एंजेलिसमधे क्रिकेट परत येतंय.

एक सांभाळ, स्पोरमधला त गिळायचा पण क्रिकेतमधला त मोठ्यानं म्हणायचा. तो गिळलास तर 'क्रिके' होतं, आणि क्रिके म्हणजे शेतावर येतो तो टोळ.