काकांची ब्रिटनची पेन्शन आयकराच्या ऑनलाइन रिटर्नमध्ये कशी दाखवायची?

भुसावळला कायमचे परतलेले तुमचे काका आता आयकराच्या दृष्टीने भारताचे सामान्य निवासी (आरओआर) असतील, तर ब्रिटनमधल्या खासगी कंपनीची पेन्शन इथे दाखवावीच लागेल. आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ घ्या. पेन्शन पगाराच्या शेड्यूलमध्ये आणि एफएसआय (परदेशी उत्पन्नाच्या) शेड्यूलमध्येही भरा. तिथलं बँक खातं एफए (परदेशी मालमत्तेच्या) शेड्यूलमध्ये, तेही आर्थिक वर्ष नव्हे तर जानेवारी-डिसेंबर धरून. इथे चूक होऊ देऊ नका.

तिकडे कर कापला जातोय? मग फॉर्म ६७ च्या (परदेशात भरलेल्या कराची इथे वजावट मागण्याच्या फॉर्मच्या) मागे लागू नका. दोन्ही देशांच्या करारानुसार अशी पेन्शन फक्त राहत्या देशात, म्हणजे इथे भारतात, करपात्र आहे. काकांसाठी फॉर्म १०एफए भरून ते करासाठी भारताचे निवासी असल्याचा दाखला आयकर खात्याकडून काढा आणि ब्रिटनच्या कर खात्याकडे परतावा मागा. सरकारी पेन्शन असेल तर नियम वेगळा.