शेजाऱ्यांचा कुत्रा दिवसभर गॅलरीत बांधलेला असतो, तक्रार करावी का?

आधी दोन दिवस नीट बघा. भांड्यात पाणी असतं का, दुपारी सावली मिळते का, त्याला खाली फिरवतात का? नुसतं भुंकणं म्हणजे हाल नव्हे आणि हडकुळा कुत्रा म्हातारा किंवा आजारी असून उपचार चालू असू शकतात. पण पाणी नाही, उन्हात साखळी, अंगावर जखमा, असं असेल तर गप्प बसू नका.

शक्य असेल तर आधी बोला, आरोप न करता. "काकू, दुपारी गॅलरी फार तापते, तुम्ही नसताना मी त्याला पाणी ठेवू का?" कित्येकदा घरात आजारपण असतं, कामाच्या वेळा बदललेल्या असतात, आणि मदत मिळाली की प्रश्न सुटतो.

तरीही फरक पडला नाही तर तारीख-वेळेसह फोटो काढा (स्वतःच्या घरातून, त्यांच्या दारात शिरून नाही) आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960, कलम 11 लिहा. मालकाने पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं आणि कुत्र्याला सतत साखळीत ठेवून त्याला फिरायला न नेणं, दोन्ही त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र 10 ते 50 रुपये, म्हणून प्राणी संस्थेलाही सोबत घ्या. मुंबईत परळची बैलघोडा हॉस्पिटलवाली संस्था आहे. कुत्रा निपचित पडला असेल तर बोलण्यात वेळ घालवू नका, लगेच 112 लावा.

संबंध बिघडण्याची भीती खरी आहे. तरी मी तक्रार करेन, कारण त्याला स्वतःला ती करता येत नाही.