‘आमच्यात तसलं काही नाही’

प्रश्न : प्रकल्पासाठी गावातल्या ६० घरांत ‘तुम्ही अस्पृश्यता पाळता का?’ असं विचारलं. सगळे ‘नाही’ म्हणाले. हे खरं मानायचं का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर : मानू नका. असं थेट विचारणं म्हणजे गुन्हा कबूल करायला सांगणं. समोरचा ‘हो’ कशाला म्हणेल? एनसीएईआर (दिल्लीतली आर्थिक संशोधन संस्था) आणि अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या २०११-१२च्या पाहणीत देशभरातल्या ४२ हजारांवर घरांत आधी हाच प्रश्न विचारला होता. ‘नाही’ म्हणणाऱ्यांना पुढे विचारलं, अनुसूचित जातीचं कुणी तुमच्या स्वयंपाकघरात आलं, तुमची भांडी वापरली तर अडचण आहे का? दोन्ही उत्तरं धरून अस्पृश्यता पाळणारी सुमारे २७ टक्के घरं निघाली.

तुम्हीही कपबशीपाशी या. शेतावरच्या मजुराला चहा कशात देता? तो कप कोण विसळतं, ठेवतात कुठे? गेल्या महिन्यात घरी जेवायला कोण कोण आलं?

ओट्यावर शेजारी बसलेले असताना विचारू नका. आणि आपल्याकडे विचारणाऱ्यानं आडनाव सांगितलं की निम्मी मुलाखत तिथंच होते! म्हणून कोणत्या घरी कुणी विचारलं, हे प्रत्येक फॉर्मवर लिहा. नंतर उत्तरं ताडून बघता येतात.

६० घरं चिठ्ठ्या टाकून निवडली तरी टक्केवारी १३ अंकांनी इकडेतिकडे होऊ शकते. ही तफावत पाचावर आणायला मोठ्या लोकसंख्येत ४००च्या आसपास घरं लागतात. घरांची यादी चावडीपासून सुरू करून मध्येच थांबवू नका, गावाबाहेरची वस्ती हमखास सुटते.