चित्रकार म्हणावं की डिझायनर?

"मॅडम, मी नक्की कोण?" हा प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारी माणसं बहुतेकदा नात्यात अडकलेली असतात. ही मुलगी अडकली होती एका पुस्तकाच्या मुखपृष्ठात. (तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

सात वर्षं ती इलस्ट्रेशन, म्हणजे पुस्तकांसाठी चित्रं, करत होती. चित्रकार मित्र म्हणायचे, "तुझं काय, डिझाइनचं काम!" डिझायनर म्हणायचे, "तुला टायपोग्राफी, अक्षरांची मांडणी, कुठे येते?" आता महिनाभर कागद कोराच होता. चित्र सुरू केलं की शीर्षक कुठे बसणार याची धास्ती. शीर्षकाची जागा आधी आखली, तर चित्रातला जीवच गेल्यासारखा वाटायचा.

सुरुवातीला चुकले मीच. दोन्हींचे फायदे-तोटे लिहा आणि एक निवडा, असं सांगून बसले. ती दोन रकाने नीट भरून आली, पण पहिल्यापेक्षा जास्त रडवेली.

मग म्हटलं, झालेली मुखपृष्ठं नकोत, त्याआधीची रद्दी आणा. स्केचबुक आलं. काडेपेटीएवढ्या चौकटी, एकेका पानावर बारा-पंधरा. एका चौकटीत उजवीकडे कललेलं झाड, डावीकडे मोकळं आभाळ आणि आभाळात तीन आडव्या रेघा.

"या कसल्या?"

"तिथे शीर्षक येणार."

"आधी काय काढलंत, झाड की रेघा?"

ती बघत राहिली. "झाड... नाही, थांबा. रेघांना जागा हवी म्हणूनच ते कललंय."

पुढच्या वेळी तिनेच मला फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेकचं १८९१ चं पोस्टर दाखवलं, पॅरिसमधल्या मुलाँ रूझ या नाचगाण्याच्या क्लबचं. नाव एकाखाली एक तीनदा लिहिलेलं, पण तिन्ही ओळींना मिळून मोठा 'एम' एकच. "यातलं चित्र कुठलं आणि मांडणी कुठली, सांगा!" मला सांगता आलं नाही. तिला त्याचा फारच आनंद झाला.

हातात कसब होतंच. पेन्सिल टेकायच्या आत मनात दोन परीक्षक येऊन बसायचे, एक चित्रकार, एक डिझायनर, तिथे गाडी अडायची. म्हणून त्यांना वेळा नेमून दिल्या. पहिली वीस मिनिटं नुसत्या चौकटी, खोडरबर खोलीबाहेर. मग वही बंद. शीर्षक वाचता येतं का, मुखपृष्ठ नखाएवढं केलं तर काय उरतं, कडेला कापलं जाणाऱ्या भागात काही महत्त्वाचं तर नाही ना, हे सगळं दुसऱ्या दिवशी.

आणखी एक गोष्ट बोलता बोलता कळली. अक्षरमांडणी ती फुकट करून द्यायची, "ते काय, सोबतच होतं" म्हणून. आता कोटेशनमध्ये 'चित्र' आणि 'मांडणी' अशा दोन ओळी असतात. हे समुपदेशनात बसतं का, असं एका सहकाऱ्याने विचारलं. माझ्या मते बसतं. आपल्या अर्ध्या कामाला ती स्वतःच काम म्हणत नव्हती.

अडकणं अजून होतं. परवा तिचा मेसेज आला, "आज अकरा चौकटी. आठ भिकार."

"आणि तीन?"

"उद्या बघणार."