बर्लिनच्या राजवाड्याचा जीर्णोद्धार, पुनर्निर्माण की पुनर्बांधणी?

बर्लिनच्या पाडलेल्या राजवाड्याच्या जागी आता जुन्यासारखी नवी इमारत उभी आहे. तिच्याविषयी मराठीत लिहिताना कुणी ‘जीर्णोद्धार’ म्हणतो, कुणी ‘पुनर्निर्माण’, कुणी सरळ ‘प्रतिकृती’. यातला नेमका शब्द कोणता, असा प्रश्न आहे.

‘जीर्णोद्धार’ इथे बसत नाही. त्यासाठी जीर्ण झालेली वास्तू समोर उभी हवी. फेब्रुवारी १९४५च्या बॉम्बहल्ल्यात राजवाडा जळाला, तरी भिंती शाबूत होत्या. तेव्हा दुरुस्ती झाली असती तर हा शब्द शोभला असता. पण पूर्व जर्मनीच्या सरकारने १९५० मध्ये सुरुंग लावून तो पाडला. त्या जागी १९७६ मध्ये पूर्व जर्मनीच्या संसदेसाठीचा ‘प्रजासत्ताकाचा प्रासाद’ उघडला. अॅस्बेस्टॉसमुळे तो १९९० मध्ये बंद झाला आणि २००८पर्यंत तोही पाडला गेला. जुन्या राजवाड्याच्या तळघराचे काही अवशेष मात्र राखले आहेत. तेवढ्यापुरते ‘जतन’ म्हणावे.

मग सोमनाथला जीर्णोद्धार कसे म्हणतो? तिथेही जुने अवशेष उतरवूनच नवे मंदिर उभारले आणि १९५१ मध्ये प्राणप्रतिष्ठा झाली. देवळाच्या बाबतीत स्थान तेच आणि दैवत तेच, म्हणून दगड नवा असला तरी भाषा त्याला उद्धार मानते. राजवाड्यात आता राजा नाही, संग्रहालय आहे. शिवाय ‘उद्धार’ म्हटले की चांगले काम झाले असा निवाडा आपोआप येतो, आणि वाद तर त्यावरच आहे. २०२० मध्ये घुमटावर क्रूस चढवला. घुमटाभोवती सोनेरी अक्षरांत, येशूच्या नावापुढे सर्वांनी गुडघे टेकावेत अशा आशयाचा प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म याचा लेखही परत आला. आत आफ्रिका आणि आशियातून वसाहतकाळात नेलेल्या वस्तू मांडलेल्या. म्हणून बातमी लिहिणाऱ्याने शब्दातूनच कौल देऊ नये.

‘पुनर्निर्माण’ समजते, पण त्याला हिंदीचा वास आहे. मराठीत ‘निर्माण करणे’, ‘निर्माण होणे’ म्हणतात. नाम हवे तर ‘निर्मिती’. ‘पुनर्रचना’ म्हणजे आहे त्याचीच मांडणी बदलणे : राज्यांची, खात्याची, अभ्यासक्रमाची.

‘प्रतिकृती’ हा शब्द मात्र टाकून देऊ नका, फक्त अख्ख्या इमारतीला लावू नका. वास्तुरचनाकार फ्रांको स्टेल्ला यांच्या आराखड्यात बाहेरच्या तीन बाजू आणि आतल्या श्ल्यूटर चौकाच्या तीन बाजू जुन्या धाटणीच्या आहेत. श्प्रे नदीकडची बाजू सपाट, आजच्या वळणाची. आतला सांगाडा काँक्रीटचा. वालुकाश्मातली शिल्पे जुने फोटो आणि सापडलेले तुकडे पाहून घडवली : आधी मातीत नमुना, मग प्लास्टरमध्ये, शेवटी दगडात. ही शिल्पे खऱ्या अर्थाने प्रतिकृती. यातले चौथे महाद्वार तर मुद्दाम पाहावे. १९१८ मध्ये समाजवादी नेते कार्ल लीबक्नेख्ट यांनी त्याच्या सज्जातून समाजवादी प्रजासत्ताकाची घोषणा केल्याचे सांगतात, म्हणून पाडापाडीतून त्याचे भाग वाचवले आणि १९६४ मध्ये पूर्व जर्मनीच्या राज्य परिषदेच्या जवळच्याच इमारतीत बसवले. म्हणजे वाचलेले मूळ कोरीवकाम दुसऱ्या इमारतीत आणि मूळ जागी प्रतिकृती!

एकूण इमारतीसाठी ‘पुनर्बांधणी’ हाच शब्द घ्यावा. तो फक्त काय केले ते सांगतो. लिहिताना ‘पुनःबांधणी’ नको : स्वर किंवा मृदू व्यंजन पुढे असेल तर ‘पुनर्’ (पुनरागमन, पुनर्जन्म), आणि क, प, स अशा कठोर वर्णांपुढे विसर्ग राहतो. म्हणून ‘पुनर्प्रक्षेपण’, ‘पुनर्स्थापना’ हे सर्रास दिसले तरी ‘पुनःप्रक्षेपण’, ‘पुनःस्थापना’ हवे. विशेषण करताना ‘पुनर्बांधित’ असला ओढूनताणून केलेला शब्द नको. ‘पुन्हा बांधलेला’ पुरते.

वाक्यात असे लिहिता येईल : ‘१९५० मध्ये पाडलेल्या राजवाड्याच्या तीन दर्शनी बाजू जुन्यासारख्या घडवून बर्लिनमध्ये त्याच जागी नवी इमारत बांधली, तिथले हंबोल्ट फोरम हे संग्रहालय २०२१ मध्ये लोकांसाठी खुले झाले.’