सासूवरची रील चालली, पण सासूबाई बोलेनात

ताई म्हणून लिहिलंयस तर मी पण सरळ अगं-तुगंच करते. तुझं पत्र लांबलचक आहे, त्यातलं ओळख पटेल असं सगळं काढून बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. सातारा जिल्हा, पतसंस्थेत क्लार्क, मिस्टर एमआयडीसीत, एक मुलगी सात वर्षांची, आणि घरात सासूबाई, ज्यांना तू आत्या म्हणतेस. घरातल्या गमतीजमतींवर रील करतेस, सासू पण तूच आणि सून पण तूच, सासू व्हायचं तर डोक्यावर पदर आणि नाकावर चष्मा, नवरा व्हायचं तर त्याचाच शर्ट. फॉलोअर्स लाखाच्या वर गेलेत, ब्रँडवाले मेसेज करतायत, नोकरी सोडावीशी वाटतेय. आणि नेमकी आत्ताच एक रील तुफान चालली आणि आत्यांनी तुझ्याशी बोलणंच सोडलं. मिस्टर म्हणतात बंद कर हे सगळं, चुलतसासरे म्हणतात घरातलं चव्हाट्यावर आणलं. तू विचारतेस, बंद करू का राजीनामा देऊन पूर्णवेळ हेच करू?

आत्ता दोन्ही करू नकोस. आधी त्या रीलबद्दल बोलू, कारण तू त्यावर एक ओळ लिहून पुढे गेलीस. आत्या व्हॉट्सॲपवरचा मेसेज ओठ हलवत, एकेक अक्षर जुळवत वाचतात, त्याची तू नक्कल केलीस. आणि पत्रात पार खाली, दुसऱ्याच कुठल्या तरी विषयात लिहिलंयस की त्यांना चौथीतून शाळेतून काढलं, धाकट्या भावंडांना सांभाळायला. ह्या दोन ओळी शेजारी-शेजारी ठेवून बघ गं. गादीखाली घड्या घालून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, पाहुणे वाढले की चहात ओतलेलं पाणी, नणंद यायच्या दिवशी अचानक निघालेला काजूचा डबा, ह्या सगळ्यावर तू रील केल्यास आणि तूच लिहितेस की त्या रील आत्यांनी भिशीतल्या बायकांना स्वतः दाखवल्या. म्हणजे त्यांना हसता येत नाही असं अजिबात नाहीये, उलट एवढी मोकळी सासू किती जणींना मिळते. ह्या वेळी मात्र भिशीतल्या बायका ज्या गोष्टीवर हसल्या ती आत्यांनी आयुष्यभर चारचौघात झाकून ठेवलेली होती.

चुलतसासऱ्यांचं म्हणणं मला पटत नाही. सासरच्यांवर हसणं आपल्याकडे मोबाईलच्या कितीतरी आधीपासून चालत आलंय, एकनाथांच्या भारुडात बाई भवानीआईला साकडं घालते की सासरा, सासू, जाऊ सगळ्यांना वाटेला लाव, नवऱ्यालाही सोडत नाही, आणि हे सोळाव्या शतकातलं, त्याच्या मागे परमार्थाचा अर्थ आहे तो आहेच, पण गावोगावी भारुड रंगतं तेव्हा समोर सासवाच बसलेल्या असतात आणि पदर तोंडाला लावून हसत असतात. मंगळागौरीच्या खेळात रात्रभर सासू-सुनेची भांडणं रंगवतात तिथेही तेच. पण तिथे हसू येतं ते सासूच्या तोऱ्यावर, तिच्या जाचावर. ज्या बाईला शिकूच दिलं नाही तिच्या अडखळत वाचण्यावर हसणं वेगळं आहे, आणि तुला ते आतून कळलेलं आहे म्हणूनच ती ओळ तू इतकी पटकन उरकलीस.

तर ती रील आजच काढ. सगळ्यात जास्त व्ह्यूज तिलाच आहेत हे मला माहितेय, तरी काढ. दुसऱ्या पेजवाल्यांनी उचलली असेल तर व्हिडिओ तुझा आहे, कॉपीराइटचा रिपोर्ट टाकता येतो, तो टाक. मग आत्यांशी बोल, मिस्टर घरात नसताना, आणि नेमकं बोल की तुमच्या वाचण्याची नक्कल केली ते माझं चुकलं. 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' असली भाषा नको, वाईट वाटलेलंच आहे. माफीची रील तर चुकूनही करू नकोस. आणि त्याच दमात 'आत्या, आता तुम्हीच या ना रीलमध्ये' असंही म्हणू नकोस, त्यांना वाटेल माफी पण कामासाठीच मागतेय.

पुढच्या कामाबद्दल मला एक सुचतं. तुझ्या सासू-पात्राला नाव दे, गाव दे, आत्यांपेक्षा वेगळी खोड दे. आत्ता ती पात्र नाहीये, आत्याच आहेत, चष्मा सुद्धा त्यांचाच वापरतेस. प्राजक्ता कोळी बघ, ठाण्याची मराठी मुलगी, आधी रेडिओत होती, 2015 मध्ये यूट्यूब चॅनल सुरू केलं आणि आई, बाबा, भाऊ सगळे स्वतःच करायची, तुझ्यासारखंच, पण त्या आई-बाबांत प्रत्येकाला आपापले दिसायचे. आणि सून प्रत्येक वेळी शहाणी का गं? पतसंस्थेत दोनशे जणांचे हप्ते तोंडपाठ आणि घरी रोज दूध उतू, हे तूच लिहिलंयस, ह्याच्यावर एकही रील नाही! आत्यांचं खरंखुरं वाक्य वापरायचं असेल तेव्हा पोस्ट करायच्या आधी त्यांना दाखव, नको म्हणाल्या तर नको.

आता नोकरी. लाख फॉलोअर्स म्हणजे पगार नव्हे. इन्स्टावर तुझे पैसे बहुतेक ब्रँडकडून येणार, आणि ब्रँड दिवाळीला दहा विचारतात आणि आषाढात एकही नाही. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळतो, पण त्यासाठी 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तासांचा वॉचटाइम लागतो, नाहीतर 90 दिवसांत शॉर्ट्सचे 1 कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले 55 टक्के तुला, शॉर्ट्सच्या वाट्यातले 45. म्हणून तीन-चार मिनिटांची आडवी स्किट करायला घे, तुझ्या बोलीत ती जास्त खुलतील, आणि ती बोली कुणी सांगितलं तरी सोडू नकोस. एकाच ॲपवर सगळं ठेवायचं नाही हेही लक्षात ठेव, जून 2020 मध्ये टिकटॉक बंद झालं तेव्हा गावाकडच्या कितीतरी पोरींचे फॉलोअर्स एका रात्रीत गेले.

त्या मसालेवाल्याचं सांगते. खोकंभर मसाले देऊन तीन रील मागतोय आणि वर 'व्हिडिओ कायम वापरू' म्हणतोय, सही करू नकोस. पैसे माग, किती महिने आणि कुठे वापरणार ते लिहून घे. पैसे घे नाहीतर वस्तू घे, रीलवर जाहिरात असल्याचं लेबल टाकावंच लागतं, 2021 पासून तशी नियमावली आहे. एका ब्रँडकडून वर्षात 20,000 रुपयांच्या वर किमतीच्या वस्तू आल्या तर 2022 पासून त्यावर 10 टक्के टीडीएस लागतो. तू पतसंस्थेतली आहेस, वही कशी ठेवायची हे मी तुला काय सांगू, पण घरखर्चाच्या खात्यात हे पैसे मिसळू नकोस, वेगळं खातं काढ. सलग वर्षभर त्या खात्यात पगाराच्या दीडपट सरासरी येऊ दे, आणि सहा महिने घर चालेल एवढी शिल्लक राहू दे, तेव्हा राजीनामा दे, मी स्वतः पाठिंबा देईन. फ्रिजचा हप्ता ह्याच पैशातून जातो हे मिस्टरांना माहितेय, तरी बंद कर म्हणतात, म्हणजे त्यांना टोचतंय ते दुसरंच काहीतरी. कंपनीत त्यांना कुणी काय बोललं ते विचार आणि मध्ये न तोडता ऐकून घे.

लेकीला मात्र कॅमेऱ्यासमोरून बाजूला ठेव. तिला हौस आहे म्हणतेस, असू दे, घरात नाचू दे की. तिचं रडणं, तिची शाळा, तिचा युनिफॉर्म ह्यातलं काहीच रीलमध्ये नको, सात वर्षांच्या पोरीला कशाला हो म्हणतोय ते कळत नसतं.

आणि आत्या बोलायला लागल्या, आपणहून पुढच्या रीलची आयडिया द्यायला लागल्या, तर त्या आयडियाचे पैसे त्यांच्या हातात दे, मिस्टरांच्या हातात नाही.